पट्ट्या नसलेली काच

फोटोची काच धुण्याच्या औषधातून पुरती बाहेरही आली नव्हती, तोच भगवंतराव ओरडले, "या गाढवाने पेटी हलवली!"

१९६४ चा एप्रिल. मेहकर रस्त्यावरच्या नव्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक भगवंतराव यांनी तीन आठवड्यांपूर्वी एक काळी पेटी लाखेने सीलबंद केली होती. आत एका टोकाला मिणमिणता दिवा, मध्ये दोन बारीक फटी, दुसऱ्या टोकाला काच. प्रकाश इतका क्षीण, की त्याचा एकेक कण सुटा यावा. तरी काचेवर पट्ट्या उमटतात, कारण प्रत्येक कण जणू दोन्ही फटींतून जातो. उद्या विद्यापीठाचे पाहुणे त्या बघायला येणार होते.

काचेवर नुसता गुळगुळीत करडा डाग होता.

"किल्ल्या ठेव आणि घरी जा," प्राचार्य शिपायाला, रहेमतुल्लाला म्हणाले. त्याने जुडगा टेबलावर ठेवला.

प्रात्यक्षिकं घेणाऱ्या कोकिळाबाईंनी काच उचलून खिडकीशी धरली.

"रहेमतुल्लाभाई, पेटीला हात लावलात?"

"नाही बाई. फरशी पुसतो तवा श्वास धरून. साहेबानंच सांगतलं, धक्का लागला तं घरी बसजो. मी काऊन हलवू?"

"साहेब, सील कसं होतं?"

"अखंड. मीच तोडलं."

"आतली मांडणी कोणाची?"

"माझी. एकट्याची. तुमच्या आवाक्यातलं नाही ते, बाई." खिडकीतल्या उन्हाने भगवंतरावांचे डोळे मिचमिचत होते.

"पेटी सील होईपर्यंत तुम्ही वर्गातसुद्धा गॉगल लावून यायचात. तो कुठे गेला?"

"हरवला."

कोकिळाबाईंनी काच प्राचार्यांपुढे धरली. "पेटीतल्या खुणेच्या टाचणीची ही सावली बघा. धारदार आहे. पेटी हलली असती तर तीही पसरली असती. उजेड शिरला असता तर सगळी काच काळी पडली असती. मग उरतात फटी."

त्यांनी उघड्या पेटीतून चिमट्याने फटींची चौकट उचलली. दोन्ही फटींवर धुरकट तुकडे चिकटवलेले होते. एक काढून, न फिरवता दुसऱ्यावर ठेवला आणि खिडकीकडे धरला. अंधार. पाव वळसा दिला. उजेड.

"हा गॉगल. याची काच एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश पुढे सोडते. एक तुकडा उभा, एक आडवा. म्हणजे प्रत्येक कणावर शिक्का, कोणत्या फटीतून आला त्याचा. शिक्का बसला की दोन्हींतून येणं संपलं, पट्ट्याही संपल्या. पाहुण्यांना सांगायचं होतं ना, की कणाची वाट मी ओळखली?"

"मी फक्त खूण केली!" भगवंतराव पुटपुटले. "कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं."

"पाहावं लागत नाही. खूण पुरते. चूक औषधातच तुमच्या लक्षात आली, म्हणून तर काच निघायच्या आत गुन्हेगार सापडला. पुस्तकातलं ते पान वाचायला दहा मिनिटं लागतात, साहेब. त्यापेक्षा शिपाई काढणं सोपं वाटलं."

प्राचार्यांनी किल्ल्या रहेमतुल्लापुढे सरकवल्या.

त्याने जुडगा खिशात टाकला. "मंग साहेब," त्याने भगवंतरावांना अदबीने विचारलं, "घरी कोन बसते आता?"