हिल्डा आंटीची पोवळी

उपनिरीक्षक सुगंधा परब गावठाणात पोहोचली तेव्हा टेम्पोची पुढची काच आधीच फुटली होती. तीसेक माणसं गाडीला वेढा घालून उभी होती आणि दगड कुणी मारला हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

"मॅडम, चोर आत बसलेत. उचला आणि घेऊन जा," एक दांडगा माणूस पुढं येऊन म्हणाला. हा लॉईड. कांदिवलीच्या या गल्लीत कुणी कसं वागावं हे ठरवायचं काम त्याला कुणी दिलं नव्हतं, पण तो ते निष्ठेनं करत असे.

"चोर कोण ते मी बघते. काच कुणी फोडली?"

"पोरं असतील."

पोरं कुठं दिसत नव्हती. सुगंधानं त्याच्याकडं एकदा बघून घेतलं आणि ती गाडीत चढली.

टेम्पो कसला, संसारच होता. एक पलंग, एक शेगडी, चांदीच्या तारेची भेंडोळी, डब्याडब्यांतून भरलेले दगड आणि खिडकीशी दगड घासायचं यंत्र. नंदू आणि श्रुतिका हे नवराबायको तीन वर्षं याच गाडीत राहत होते. नाशिक-जालन्याकडच्या खाणींतून आणि नद्यांच्या पात्रांतून दगड वेचायचे, वाटेत थांबतील तिथं घासायचे, तारेत मढवून कानातली नि लॉकेटं करायची आणि प्रदर्शन लागेल तिथं विकायची. हिल्डा आंटीनं त्यांना घराशेजारचं अंगण दिलं, घरातून विजेची वायर दिली. बदल्यात त्यांनी लग्नघरातले दागिने नीट करून द्यायचे ठरलं. आंटीच्या धाकट्या लेकीचं, नादियाचं, रविवारी लग्न होतं.

गल्लीला हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. रस्त्यावर राहणारी माणसं, ना गाव ना नातेवाईक, वर दिवसभर त्या यंत्राची घरघर. आणि आज आंटीची पोवळ्यांची माळ नाहीशी झाली होती. दोरा कुजला म्हणून ती पुन्हा ओवायला द्यायची होती. मोठी सून फ्रेडा म्हणत होती, दिली. श्रुतिका म्हणत होती, आलीच नाही.

माळ मिळाली नाही तर दोघांना ठाण्यावर न्यावं लागणार होतं आणि गाडी जप्त होणार होती. म्हणजे घरच जाणार होतं. श्रुतिकाला ते न सांगता कळलं होतं. ती पलंगाची कड घट्ट धरून बसली होती.

"माळ कुठं आहे?"

"आमच्याकडं आलीच नाही. दुपारी आम्ही इथं नव्हतोच. पाणी आणायला गेलो होतो, रांगेतच चार वाजले."

"दोघंही?"

"चार कॅन होते. एकट्यानं कसे आणणार?"

"नळ तर अंगणात आहे."

श्रुतिका कडवट हसली. "सकाळपासून कोरडा आहे. का, ते बाहेर विचारा. पाणी नसलं की माझं काम बंद. चाकावर सारखी धार लागते, नाहीतर दगड तापून तडकतो आणि भुकटी छातीत जाते. उरलंसुरलं पाणी वापरून घासत होते, तेवढ्यात लाईटही गेली. म्हटलं, आपल्याला हाकलायचं ठरलेलं दिसतंय. कॅन उचलले आणि मागच्या दाराला कुलूप घालून निघालो."

"जाताना कुणी पाहिलं?"

"मागचं दार नाल्याकडं उघडतं. तिकडूनच गेलो. यांची तोंडं बघायची इच्छा नव्हती."

नंदू म्हणाला, "परत आलो तर यंत्र चालू होतं, मॅडम. बंद गाडीत. मी आधी ते बंद केलं. बाहेर येतो तर आंटी दारात, माळ झाली का विचारत. आलीच नाही म्हटलं, तसे हे सगळे जमले."

खिडकीबाहेर लॉईड मोठ्यानं हसला. "ऐका. भूत येऊन यांचे दगड घासून जातं."

खरं सांगायचं तर सुगंधाचाही विश्वास बसला नव्हता. थापा मारणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती, पण ती निदान जरा बऱ्या थापा मारत. ती यंत्रापाशी वाकली. चाकावर पाण्याचा डबा टांगला होता, तो रिकामा. चाकाखालच्या परातीत दगडाचा राखाडी चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तिनं बोट फिरवलं, ते कोरडंच निघालं. दाराशी चार कॅन काठोकाठ भरलेले, झाकणं घट्ट लावलेली.

ती खाली उतरली. "लॉईड, नळ कुणी बंद केला?"

"मी," तो छाती काढून म्हणाला. "सकाळी आंटी नि फ्रेडा चर्चला गेल्या तेव्हाच. कॉक फिरवला, वर कुलूप घातलं. गल्लीचं पाणी गल्लीला. त्यात काय गुन्हा आहे?"

"घरात सांगितलंस?"

"कशाला? आंटीला दया आली असती."

"दुपारी यंत्र ऐकलंस?"

"अख्ख्या गल्लीनं ऐकलं. एकपासून चारपर्यंत एक मिनिट थांबलं नाही. आणि हे म्हणतात, आम्ही नव्हतो."

हिल्डा आंटी ओट्यावर खुर्चीत बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"आंटी, दुपारी तुम्ही कुठं होता?"

"चर्चमधून सरळ घरी आले. वाटण करायचं होतं. मिक्सर नि यांचं यंत्र एकदम चाललं की फ्यूज उडतो, म्हणून आतलं बटण बंद केलं त्यांचं. मग फ्रेडा बाजारातून आली. तिला म्हटलं, बटण लाव गो, आणि माळ पण देऊन ये. मी आडवी झाले."

"यंत्राच्या आवाजात झोप लागली?"

"तेच तर. एरवी वर-खाली, वर-खाली, डोकं उठतं माझं. आज एका सुरात चाललं होतं. छान लागली झोप."

सुगंधा आत गेली. फ्रेडा स्वयंपाकघरात मासे तळत होती. तिनं मान वर केली नाही.

"माळ कुणाच्या हातात दिलीस?"

"तिच्या. म्हणजे हातात नाही. ती घासत बसली होती, कोपरापर्यंत चिखल. ओल्या हातानं कशी घेणार? म्हणाली, ठेव इथं. डबी ठेवून आले. माझ्या बाहीवर पण पाणी उडालं."

"नक्की?"

"येशूशपथ."

"चर्चमधून कुठं गेली होतीस?"

"बोरिवलीला. नादियाचे बूट बदलायचे होते. एकला आले."

"माळ रविवारी कोण घालणार होतं?"

तव्यावरचा मासा फ्रेडानं जरा जास्तच जोरात उलटला. "नादिया. ममाला ती तिच्या सासूनं दिली. तिच्या सासूला तिच्या सासूनं. या घरात माळ सुनेकडं जाते. पण ममाला आता मुलगी दिसते, सून दिसत नाही. मी काय बोलणार?"

सुगंधानं सगळ्यांना अंगणात बोलावलं. श्रुतिकाला ती म्हणाली, "यंत्र लाव. पाणी नको, दगड नको."

यंत्र घूं करत एका सुरात फिरू लागलं.

"आंटी, दुपारी ऐकलेला आवाज?"

"हाच."

"आता पाणी सोड आणि दगड लाव."

श्रुतिकानं कॅनमधलं पाणी डब्यात ओतलं आणि एक हिरवा दगड चाकाला टेकवला. आवाज दबला, खरखरला, दगड उचलताच पुन्हा चढला.

"हा रोजचा," आंटी म्हणाली.

"म्हणजे दुपारी यंत्र फिरत होतं, पण त्यावर कुणी दगड घासत नव्हतं," सुगंधा म्हणाली. "सकाळी ही काम करत असताना लाईट गेली. लाईट गेली नव्हती, आंटींनी आतलं बटण बंद केलं होतं. हिला ते माहीत नव्हतं. यंत्राचं स्वतःचं बटण तसंच चालू ठेवून दोघं निघून गेली. पुढं घरातून कुणीतरी आतलं बटण लावलं आणि बंद गाडीत यंत्र सुरू झालं. नंदू खरं बोलत होता. भुताची काही गरज नव्हती."

तिनं यंत्र बंद करायला लावलं.

"फ्रेडानं सासूच्या सांगण्यावरून बटण लावलं. इथवर तिचं काही चुकलं नाही. मग ती डबी घेऊन गाडीशी गेली. आत यंत्र चाललंय, दाराला कुलूप, माणूस नाही. तिच्या लक्षात आलं की सगळी गल्ली हा आवाज ऐकतेय आणि दोघं आत आहेत असंच समजतेय. अशा वेळी डबी दिली म्हटलं तर खोटं कोण म्हणणार? डबी घेऊन ती परत आली."

"कशावरून?" लॉईड गुरगुरला. "तिनं दिली असेल."

"तुझ्यावरून. सकाळीच तू पाणी तोडलंस आणि घरात बोलला नाहीस. त्यामुळं फ्रेडाला वाटलं, नळ रोजच्यासारखा चालू आहे. तिनं रोज जे बघितलं होतं तेच मला सांगितलं. ओले हात, चिखल, बाहीवर पाणी. पण डबा रिकामा आणि परात कोरडी ठाक आहे. आणलेले कॅन आता माझ्यासमोर उघडले. पाण्याचा थेंब नसताना फ्रेडाच्या बाहीवर उडालं काय?"

सगळ्यांच्या नजरा फ्रेडाकडं वळल्या. ती आत जाऊन मसाल्याची तपकिरी बाटली घेऊन आली आणि ओट्यावरच्या ताटात उपडी केली. लाल मसाल्यातून पोवळी एकामागून एक बाहेर आली.

"माझी होती ती," ती सासूला म्हणाली. "चोरी नाही केली मी. माझी होती."

हिल्डा आंटीनं हात लावला नाही. तिला त्या क्षणी माळ नको होती आणि सूनही नको होती.

"चला," लॉईड टाळ्या वाजवून म्हणाला. "मिळाली ना माळ? घरातली बाब आहे, मॅडम. सासू-सुना बघून घेतील. लिहायचं काही नाही. चला रे, घरी चला."

अर्ध्या तासापूर्वी हाच माणूस बेड्या मागत होता. सुगंधाचं डोकं फिरलं. चोर आपला निघाला की यांच्या लेखी ती चोरीच राहत नव्हती. माणसं खरोखरच पांगू लागली. गाडीकडं कुणी बघत नव्हतं.

"थांबा," श्रुतिका म्हणाली. ती काचेच्या तुकड्यांवरून चालत पुढं आली. "माझी तक्रार लिहा, मॅडम. खोटा आळ घेतला त्याची, आणि काच फोडली त्याची. दगड यानं मारला. मी आतून पाहिलं."

तिनं लॉईडकडं बोट दाखवलं. नंदू तिच्या कानात काहीतरी पुटपुटला, बहुतेक निघूया म्हणाला असावा. तिनं मान हलवली.

सुगंधानं पेन काढलं. "पूर्ण नाव?"

"श्रुतिका नंदू गुरव."

"राहणार?"

गल्ली थांबून ऐकत होती.

"लिहा, इथंच," श्रुतिका म्हणाली. "याच अंगणात. हा माणूस स्वतः काच बसवून देईपर्यंत."