सेशातच्या खाचा

चंद्रावरच्या छोट्याशा केंद्रात सगळी घड्याळं एकदम बंद पडली, तर दहा मिनिटं कशी मोजायची?

अकरा वर्षांच्या जुईलीपुढे हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. सौरवादळाने (सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांच्या लोटाने) यंत्रं ठप्प झाली होती. हवा शुद्ध करणाऱ्या दोन टाक्या तेवढ्या हाताने चालत. दर दहा मिनिटांनी एक बंद करून दुसरी सुरू करायची. उशीर झाला की टाकी निकामी, घाई केली तरी तेच. मदतीची गाडी तासाभराच्या अंतरावर होती.

तिची कुमुदआत्या केंद्राची शास्त्रज्ञ. तिने मीटरभर दोरीला पाना बांधून छताला टांगला.

"हा लंबक (दोरीला टांगलेलं झुलतं वजन). पृथ्वीवर याच्या एका पूर्ण झोक्याला दोन सेकंद लागतात. इथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून जवळजवळ पाच. झोका लहान झाला तरी वेळ तेवढाच लागतो. बारा झोके म्हणजे एक मिनिट. दर मिनिटाला या बांबूच्या पट्टीवर सुरीने खाच पाड."

"लक्षात राहील की माझ्या!"

"सेशात लक्षात ठेवत नव्हती, खाच पाडत होती."

"कोण सेशात?"

"प्राचीन इजिप्तची लेखनाची देवता. अंगावर बिबट्याचं कातडं, डोक्यावर सात टोकांचं चिन्ह, हातात खजुरीचा दांडा. त्यावर ती राजाच्या वर्षांच्या खाचा करते. सरलेली वर्षं दिसत नाहीत गं, खाचा दिसतात. लेखन म्हणजे तेच. मोज आता!"

टाक्या तीनदा बदलून झाल्या. एवढ्यात शेजारच्या खोलीत धाडकन काहीतरी कोसळलं. जुईलीच्या हातातली सुरी निसटली, पण झुलत्या पान्यावरची नजर तिने हलू दिली नाही.

"दहा झाली! टाकीची मूठ फिरवते मी," आत्या ओरडली.

"थांब! माझ्या मते नऊ." जुईलीने सुरी उचलली. तिने पट्टीवरून बोट फिरवलं. शेवटच्या बदलानंतरच्या खाचा... सात, आठ, नऊ. "नऊच आहेत, आत्या!"

आत्याने मुठीवरचा हात मागे घेतला. आणखी बारा झोके. दहावी खाच. मूठ फिरली आणि टाकीतून हवेचा सूंऽऽ आवाज आला.

अखेर दार उघडलं. गाडीतले मकरंदकाका धापा टाकत आत आले. "बावन्न मिनिटं तुमचा पत्ता नव्हता!"

जुईलीने पट्टी मोजली. एक्कावन्न.

"पहिलं मिनिट दोरी शोधण्यात गेलं," आत्या म्हणाली.

जुईलीने कपाटातून नवी पट्टी काढली. चंद्रावर महिन्यातून एकदाच सूर्य उगवतो. तिने या महिन्याच्या सूर्योदयाची पहिली खाच पाडली आणि पुढची सगळी जागा मोकळी ठेवली, इथे नंतर येणाऱ्या मुलांसाठी.