पाणसळीतला बुडबुडा

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. पहाटे गवतावर यंदाचं पहिलं दहिवर गोठलं होतं, तळ्यावरची वाफ सरळ वर चढत होती. मिनेसोटात सप्टेंबर सरताना असतो तसा उजेड पातळ होता. वारा नाही, हे आर्विडनं मुद्दाम बघून ठेवलं. आज तरी वाऱ्याला बोल लावता येणार नव्हता.

अंगणात त्याचा ट्रेलर उभा होता. पिकअपमागे जोडून न्यायचं, दोन चाकांवरचं पत्र्याचं घर. आत डावीउजवीकडे एकेक बिछाना, मधे शेगडी. फार वर्षांपूर्वी एक म्हातारी वारल्यावर तिच्या सामानाची विक्री झाली, तेव्हा आर्विडनं तो घेतला होता. ती उजव्या बिछान्यावरच गेली आणि चार दिवसांनी कळलं, असं लोक सांगत. त्यानं ऐकलं आणि सोडून दिलं. माणूस कुठंतरी जायचाच.

आता नजर अधू झाल्यानं ट्रेलर लांब ओढून नेणं होईना, म्हणून त्यानं कोरी आणि जेना या जोडप्याला तो देऊ केला होता. बीटाच्या हंगामावर कामाला जाणारी माणसं. सगळा हंगाम त्यातच राहणार. लहानग्या मुलीला कुठं निजवणार, असं त्यानं विचारलं, तेव्हा जेनानं उजवा बिछाना दाखवला.

आणि ट्रेलर उजवीकडेच कलत होता.

आर्विडनं महिनाभर त्याचा पिच्छा पुरवला. छपराच्या सांध्यातून पाणी झिरपून आतली उजवीकडची लाकडी जमीन कुजली होती, ती उचकटून नवी घातली. सांधे नव्यानं बुजवले. टायर बदलले, चाकावरचे स्प्रिंगचे पाटे बदलले. मग चारही कोपरे उचलून आत जमिनीवर सपाटी बघायची पाणसळ ठेवली, की बुडबुडा बरोबर मधे यायचा. कॉफी पिऊन परत यावं, तर डावीकडे सरकलेला. म्हणजे उजवी बाजू खाली. आत पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास. नव्या लाकडाला कुठला आलाय पेपरमिंटचा वास?

शेजारचा डेलबर्ट कुंपणावरून विचारायचा, "काय रे, त्या डब्याशी लग्नच लावलंस की काय?" आर्विड नुसता हसायचा. सरळ झाल्याशिवाय तो देणार नव्हता, एवढं नक्की.

आज त्यानं दोन्ही गाद्या बाहेर काढल्या, पाणसळ मधे ठेवली आणि उभ्या उभ्या बघत राहिला. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवीकडची नुसती फळी करकरली… हळूच, गुडघे दुखणारं माणूस टेकतं तशी. बुडबुडा डावीकडे गेला.

आर्विडच्या मानेवर काटा आला. पण तो पळाला नाही. डाव्या फळीवर सावकाश बसला. बुडबुडा परत मधे येऊन थांबला. जणू समोर त्याच्याच वजनाचं कुणीतरी होतं.

"तिथं पोर निजणार आहे…" तो खालच्या आवाजात म्हणाला. "दीड वर्षाची आहे. मला हा द्यायचाच आहे, बाई."

तो उठला. पाठीमागे फळी पुन्हा करकरली.

त्यानं हट्टानं गाद्या घातल्या, पिकअप मागे आणली, ट्रेलर हुकाला अडकवला, दिवे तपासले. तिथल्या तिथं उभा करून सरळ होत नसेल, तर त्यांच्या दारात नेऊन करीन, नाहीतर परत आणीन, असं त्यानं ठरवलं. निघण्यापूर्वी हातानं पत्र्यावर तीनदा थापटलं आणि म्हणाला, "चला, आत कुणी राहायचं नाही. पुढे येऊन बसा." मुलं लहान असताना मागे लपून बसायची, चालत्या ट्रेलरमधे माणूस ठेवायचं नसतं, म्हणून तो दर वेळी हेच म्हणायचा. मुलं मोठी होऊन पांगली, तोंडची सवय राहिली. काय बोललो, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

ट्रेलर वाटभर सरळ चालला. कोरीच्या जागेवर त्यानं पाणसळ ठेवली. जेवण झालं, कॉफी झाली, मुलगी उजव्या बिछान्यावर गाढ निजली, तरी बुडबुडा मधेच. आर्विडनं वाकून नाक लावलं. ताज्या लाकडाचा वास, बास. त्याला भरून आलं.

परतताना तो गाणं गुणगुणत होता. गाडीत पेपरमिंटचा वास येत होता. कपड्यांना लागला असेल, म्हणून त्यानं काच खाली केली.

घराशी गाडी थांबवून तो डावीकडून, चालकाच्या बाजूनं उतरला. डेलबर्ट पानं गोळा करत होता. त्यानं दाताळं टेकवलं आणि गाडीकडे बघत राहिला.

"रिकामीच आहे ना रे?" तो म्हणाला. "पाटे बघून घे बाबा… तू उतरलास, आणि गाडी पलीकडे कलली."