तळाशी राहिलेली किल्ली

मी घड्याळं दुरुस्त करतो. कॉम्प्युटर शिकलो तो दुकानात गिऱ्हाईक नसताना, पुस्तक पुढ्यात धरून. त्यातूनच घरच्यांसाठी गप्पांचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचा सर्व्हर दुकानामागच्या खोलीत, टेबलाखाली गुणगुणत असतो. त्या दुपारी मी त्याचं एक दार बंद करायला बसलो होतो.

दार म्हणजे काय, ते आधी सांगतो. घरातल्या कुणाचाही फोन सर्व्हरला जोडला जाताना आधी ओळख पटवावी लागते. प्रत्येक फोनात एक गुप्त किल्ली असते. ती त्याच फोनात तयार होते आणि तिथून कधी बाहेर पडत नाही. तिच्या जोडीचं कुलूप तेवढं माझ्याकडे. किल्ली लागली की कनेक्शन उघडतं. आतलं बोलणं ज्याला पाठवलं त्यालाच वाचता येतं. मला दिसतं ते फक्त कुणाकडून कुणाला.

"धाकट्या भावाच्या दारात मी माझी ओळख पटवायची?" दादा हसायचा. "वकीलसाहेब, साक्षीदार आणू का?"

दादा बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. हिवाळ्यात एक बोट उलटली. दादाचा देह वर काढला. फोन तळाशीच राहिला.

त्यानंतर काही आठवड्यांनी वहिनीच्या फोनवर दादाच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला, फोन जोडला गेल्याची खूण. मला वाटलं, माझीच चूक. प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. चूक नव्हती. किल्ली खरी होती. ती अंदाजाने शोधायची म्हटलं तर जगातली सगळी यंत्रं कामाला लावूनही आयुष्यं पुरायची नाहीत. आणि इथे ती चिखलातून, काळ्या पाण्यातून येऊन अलगद कुलपाला लागली होती. मला घाम फुटायला हवा होता. पण मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, मोठं माणूस खोलीत आल्यावर उठतात तसा.

पुढे रोज दुपारी ते कनेक्शन उघडायचं. रोज वहिनीला काहीतरी यायचं.

"काय लिहितो तो?" मी एकदा विचारलं.

"नाही सांगायचं, भावजी," वहिनी हळूच म्हणाली. "सांगितलं तर... यायचा थांबेल."

मग एके दिवशी पुतणी दुकानात आली. काउंटरला दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"काका, आई धड जेवत नाही. काल चपला घालून निघाली. कुठे, तर बंदरावर. म्हणते, बोलावतोय... जाऊन येते." तिचा आवाज चिरकला. "बाबा गेले. मला आई हवीय. बंद करा ते."

म्हणून मी प्रोग्राम नव्याने लिहिला. ओळख पटवण्याची सगळी रीतच बदलली. जोडताना फोनने करायचं पहिलं अभिवादन वेगळं, सर्व्हरचं उत्तर वेगळं. कुलपं मात्र जुनीच उचलून ठेवली. दादाचं पुसायला बोट ठेवलं, आणि पुसवेना. म्हटलं, राहू दे. तळाशी पडलेल्या फोनाला नवी रीत शिकवणार कोण?

त्या दुपारी जुनं दार बंद केलं. एकेक कनेक्शन तुटत गेलं. दादाचं सगळ्यात शेवटी, उंबऱ्यात जरा रेंगाळल्यासारखं करून.

थोड्या वेळाने पुतणीचा फोन आला. "काका, ठिपका गेला. आई खूप रडली. मग भात मागून घेतला... आता झोपलीय."

"तिला झोपू दे. नवा प्रोग्राम उद्या देतो सगळ्यांना."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. नवं दार नीट चालतं का बघावं, म्हणून ते सुरू केलं. येणारं कुणीच नव्हतं. ती नवी रीत माझ्या या एका यंत्राबाहेर गेलीच नव्हती.

खोलीत ओल्या दोरखंडाचा वास आला. मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर रखरखीत ऊन होतं.

वळलो, तर पडद्यावर एक कनेक्शन उघडलेलं.

अभिवादन नव्या रीतीचं होतं, अक्षरन् अक्षर बरोबर. मी ते टाइप करत असताना कुणी पाठीमागे उभं राहून वाचलं असावं, तसं. आणि उघडलेलं कुलूप दादाचं. मी पुन्हा उभा राहिलो. नजर हटेना. एवढं अथांग काहीतरी, आणि माझ्या टेबलाखालच्या डब्यातून ये-जा करत होतं.

एक निरोप येऊन पडला. ज्याला पाठवलाय त्याचा फोन जोडला जाईपर्यंत असा निरोप सर्व्हरवर थांबून राहतो. मी नाव पाहिलं. वहिनीचं नव्हतं. पुतणीचं होतं.

मी पुसायला हात पुढे केला, तोच फोन वाजला.

"काका," पुतणी म्हणाली, "माझ्या फोनवर ते नवीन आजच टाका ना."

"का गं? उद्या देतो म्हटलं ना..."



"माहीत नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी काहीतरी येऊन पडलंय... असं वाटतंय."