बहिरी मुळं

विट्यात आता टक्कल पाहायला मिळत नाही. सत्तरीचे आजोबा डोक्यावर कॉलेजकुमाराचं रान घेऊन हिंडतात आणि टक्कल म्हणजे काय ते नव्या पोरांना समजावून सांगावं लागतं. एके काळी माणसं टाळूवर कांद्याचा रस चोळायची, गोळ्या घ्यायची, मानेमागचे केस उपटून कपाळावर पेरून घ्यायची. त्या हालांची आठवण निघाली की लोक पोट धरून हसतात. हसायला काय जातं? वर्षातून एकदा टाळूत सुई टोचून घेतली की काम भागतं.

सुईमागची कल्पना साधी आहे. केसांच्या मुळांना कान असतात. खरे कान नव्हेत. मुळाच्या पेशींवर बारीक खाचा असतात आणि रक्तातून आलेली रसायनं त्यांत जाऊन बसतात. माणूस खचला, घाबरला, तापाने फणफणला की शरीर संकटाची रसायनं सोडतं. मूळ ती हाक ऐकतं, घरावर संकट आहे तर आता चैन नको म्हणून दुकान बंद करतं, आणि तीनेक महिन्यांनी केस गळायला लागतात. काहींना चाई पडते, तेव्हा तर मूळ इतकं बावचळतं की शरीराचे रक्षकच त्याला परकं समजून त्याच्यावर धावून जातात. शास्त्रज्ञ म्हणाले, हे कानच बुजवून टाकू. सुईतून एक प्रथिन जातं आणि खाचेत बुचासारखं बसतं. मग घरात आग लागली तरी मूळ निवांत केस वाढवत राहतं. कंपनीने उपचाराला नाव दिलं ‘बधिरमूल’. लोक म्हणतात, बहिरी मुळं.

अन्वीने शाळेत असतानाच ही सुई घेतली. तिला चाई पडली होती. डोक्यावर गोल गोल चट्टे उठले आणि वर्गातल्या मुली तिच्या बाकावर बसेनाशा झाल्या. सुईनंतर वर्षभरात वेणी खांद्यावर आली, पुढे कमरेपर्यंत गेली. तिचं लग्न शौर्यशी झालं. तो घाटमाथ्यावरच्या पवनचक्क्या दुरुस्त करायचा, घरी आला की तिची वेणी सोडून पुन्हा घालत बसायचा, आणि ती दर वेळी वाकडीच व्हायची. दोघंही त्यावर हसायची. भर उन्हाळ्यात तो पवनचक्कीच्या शिडीवरून पडला आणि गेला.

अन्वी रडली नाही. तिने आल्यागेल्याला चहा दिला, कागदांवर सह्या केल्या, दिवस पार पाडले. धक्का बसलाय पोरीला, असं लोक म्हणाले. मग नुसतेच बघायला लागले.

तिच्या सासूबाई अश्विनीबाई निवृत्त शिक्षिका. देवाने दिलेत तेवढे केस बास, असं म्हणून त्यांनी कधी सुई घेतली नव्हती. मुलगा गेल्यावर तीन महिन्यांनी त्यांचे केस मुठीमुठीने हातात यायला लागले.

जगातून एखादी गोष्ट दुर्मीळ झाली की तिला मान मिळतो, मग ती केसगळती का असेना. आता मृत्यूनंतरच्या तिसऱ्या महिन्यात घरच्या बायका फोटोपुढे बसून केस विंचरतात आणि फणीत आलेलं गुंतवळ तबकात ठेवतात. सुईवाल्या बायका फूल ठेवून मोकळ्या होतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. पण बायकोनेच फूल ठेवलं की बघणाऱ्यांचे डोळे बोलतात. अश्विनीबाईंनी तबकात पांढऱ्या केसांचा पुंजका ठेवला. अन्वीची फणी स्वच्छ आली. तिने झेंडू ठेवला, कोरड्या डोळ्यांनी.

पाहुणे गेल्यावर अश्विनीबाई म्हणाल्या, “केस गळाले नाहीत ते सुईमुळं, एवढं कळतंय मला. पण डोळ्यांत पाणी यायला कुठली सुई आडवी आली गं?”

“आई, मला कळत नाहीये. खरंच कळत नाहीये.”

“मला कळलंय की. त्याचं वर्षश्राद्ध झालं की तू माहेरी जा. माझ्यानं तुझ्याकडं बघवत नाही.”

हा घाव अन्वीला लागायला हवा होता. तोही लागला नाही, आणि तेव्हा मात्र ती घाबरली. म्हणजे, आपण घाबरायला हवं हे तिला समजलं. दुसऱ्या दिवशी ती सांगलीला डॉक्टर प्रथमेश बर्व्यांकडे गेली. पहिल्यापासून तेच तिला सुई देत होते.

“डॉक्टर, माझं नवऱ्यावर प्रेम होतं का, हे तपासता येतं?”

डॉक्टरांना ही थट्टा वाटली. तिचा चेहरा पाहून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“गर्भात एक थर असतो,” ते म्हणाले. “त्याच्यातूनच कातडी होते आणि त्याच्यातूनच मेंदू. सख्खी भावंडंच ती. मुळाला जे कान, तेच मेंदूतल्या काही पेशींना. औषध टाळूतच राहील असं वाटलं होतं. पण वर्षानुवर्षं घेतलं की थोडं झिरपतं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“नंतर कळलं. कंपनीने ते जाहिरातीतच घातलं. ‘मन स्थिर राहण्यास मदत होते.’ खप दुप्पट झाला.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर गळा कापून घ्यायला रांगा लागल्या होत्या.

“मग मला रडू आलं नाही ते औषधामुळे? की मला मुळात काही वाटतच नव्हतं?”

“ते सांगता नाही येणार. कान बंद होते. दारात कोणी हाक मारली होती की नाही, हे आता कुणाला विचारायचं?”

“सुई बंद केली तर?”

“चाई परत येईल. सगळे केस जातील, भुवयासुद्धा. रडू येईल, ते परत येतं. पण त्याच्यासाठीच येईल असं नाही, अन्वी. त्या दिवशीचं दुःख आत कुठे साठून राहिलेलं नाहीये. ते आलंच नव्हतं.”

“तुम्ही घेता ही सुई?”

“घेतो,” डॉक्टर म्हणाले. “रोज पेशंटना हे सगळं सांगायचं असतं ना.”

अन्वीने सुई बंद केली. टक्कल पडलं तर पडू दे, पण शौर्यसाठी एकदा तरी रडता यावं आणि आपण त्याच्या कोणीतरी होतो हे आपल्याला तरी कळावं, एवढीच तिची मागणी होती. हिवाळ्यात आधी कानामागे रुपयाएवढा चट्टा पडला, मग दुसरा. आणि एका सकाळी ती उठून बसली, पण तिची वेणी उशीवरच राहिली.

अन्वीच्या तोंडून आवाज फुटला. असा आवाज आपल्यात आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. अश्विनीबाई धावत आल्या. त्यांनी ते डोकं पाहिलं, उशी पाहिली, आणि मटकन खाली बसून सुनेला कवेत घेतलं.

“रड पोरी, रड. आता कसं आलं बघ. माझंच चुकलं गं, मी तुला दगड म्हणत होते मनात. कुठं जायचं नाहीस आता तू. माझ्या शौर्यचं माणूस आहेस.”

अन्वीने शौर्यचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. तो लगेच आला, नाकाडोळ्यांसकट, हसरा. ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि पाहता पाहता तिचा हुंदका ओसरायला लागला, डोळे कोरडे पडायला लागले. सासूबाईंचा हात तिच्या पाठीवरून फिरता फिरता थबकला.

अन्वीने घाईघाईने उशीवरच्या केसांकडे पाहिलं. हुंदका पुन्हा फुटला.