पट्टीवाले ऐन

आकडे दोन होते आणि त्यांतला एक नक्की खोटं बोलत होता.

पहिला आकडा मनोऱ्याचा. कोसमटोल्याच्या रानात, झाडांच्या शेंड्यांच्याही वर डोकं काढून एक लोखंडी मनोरा उभा होता. त्याचं काम एकच, रानाचा श्वास मोजायचा. रानातून किती कार्बन डायऑक्साइड वर गेला, हवेतून किती खाली आला, हे तो क्षणाक्षणाला टिपायचा. सप्टेंबर म्हणजे रानाचे जेवणाचे दिवस. अंगभर पानं, डोक्यावर ऊन; अशा वेळी रानानं हवेतला कार्बन गपागप गिळायचा. पण मनोरा म्हणत होता, हे रान गिळत तर नाहीच, उलट भर दुपारी बाहेर टाकतंय.

दुसरा आकडा ऐनांचा. रानातल्या ऐनाच्या एकवीस झाडांना घेरपट्ट्या (खोडाचा घेर मोजणाऱ्या, स्प्रिंग लावलेल्या पोलादी पट्ट्या) बांधलेल्या होत्या. त्या म्हणत होत्या, झाडं मजेत आहेत, चांगली जाड होताहेत.

माणूस उपाशी आहे आणि त्याचं वजन वाढतंय, असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? बारा वर्षांची जमना कुमरेही तेच म्हणाली.

"मॅडम, असं कसं होईल?"

"तेच तर मला कळत नाही," डॉक्टर तस्नीम बागवान म्हणाल्या. त्या रानकेंद्रातल्या एकुलत्या एक शास्त्रज्ञ. एरवी जमनाला प्रश्नावर उलटा प्रश्न विचारून भंडावून सोडायच्या, पण त्या सोमवारी त्यांचं हसू कुठे गेलं होतं कोण जाणे. "आणि शुक्रवारी मला नागपूरला आकडा पाठवायचाय. एकच, आणि खरा."

साल होतं २०५८. पावसानं दगा देण्याचं हे सलग तिसरं वर्ष. राज्यातली रानं वाळत होती आणि वनजीवन मंडळ त्यांतली फक्त पाच निवडणार होतं. त्या पाच रानांत पाणी अडवायचे चर खणले जाणार, वणव्यावर पहारा बसणार. निवड व्हायची ती रान किती आजारी आहे यावरून. रान ठणठणीत असेल तर मदत कशाला? आणि दोन आकडे एकमेकांशी भांडत असतील, तर मंडळ दोन्ही केराच्या टोपलीत टाकणार.

"मनोरा जुना झालाय," मॅडम म्हणाल्या. "तोच बिघडला असेल. पट्ट्यांवर माझा जास्त विश्वास आहे. तुझे आबाजी तीस वर्षं त्या वाचताहेत. एक सोमवार चुकलेला नाही."

जमनाची मान ताठ झाली. आबाजी म्हणजे तिचे आजोबा, लिंगाजी कुमरे. हल्ली वहीतल्या बारीक रकान्यांत त्यांना लिहिता येत नसे, म्हणून पट्टीवरचा आकडा ते वाचायचे आणि जमना लिहायची. प्रत्येक झाडापाशी लिहून झालं, की ते एकच विचारायचे, "बरोबर लिवलं ना?" एकदा तिनं सातच्या जागी एक लिहिला होता, तेव्हा सबंध दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते.

मंगळवारी शाळा सुटल्यावर जमना खारूला घेऊन रानात गेली. खारू म्हणजे केंद्राचा यंत्रमानव. मानव म्हणायचं इतकंच. होता खारीएवढा, सहा पायांचा, आणि खोडाला कान लावून बसण्यापलीकडे त्याला फारसं काही येत नसे. बोलायचा मात्र मास्तरांसारखा.

पट्टी नसलेल्या एका ऐनावर तो चढला आणि म्हणाला, "टिक. टिक. टिक. मिनिटाला अठरा."

"हे काय मोजतोयस?"

"या झाडाचे धागे तुटत आहेत. तुला ऐकू येणार नाही. हा आवाज माणसाच्या कानापलीकडचा आहे."

"कसले धागे?"

"पाण्याचे. झाडाचं शरीर कशाचं बनतं?"

"मातीचं," जमना म्हणाली.

"चूक. बहुतेक हवेचं. पानांच्या पाठीवर पर्णरंध्रं (डोळ्यांना न दिसणारी बारीक तोंडं) असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, उन्हाच्या जोरावर त्याची साखर होते आणि साखरेचं लाकूड. या खोडातला जवळजवळ सगळा कार्बन कधीतरी हवेत उडत होता."

जमनानं खोडावरून हात फिरवला. मगरीच्या पाठीसारखी खरबरीत साल. हवेची!

"पण तोंड उघडलं की आतली वाफही बाहेर जाते," खारू पुढे म्हणाला. "कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू (पदार्थाचा गुण टिकवणारा सर्वांत लहान कण) आत यावा, तर पाण्याचे दोनतीनशे रेणू निसटतात. तेवढं पाणी मुळांकडून वर ओढावं लागतं. खोडात केसासारख्या बारीक जलवाहिन्या (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) आहेत. त्यांत पाणी मुळापासून शेंड्यापर्यंत ताणलेल्या धाग्यासारखं उभं असतं. वरून पान खेचतं. माती ओली असली, तर खालून नवा धागा मिळत राहतो. माती कोरडी पडली की ताण वाढतो, आणखी वाढतो, आणि..."

"टिक," जमना हळूच म्हणाली.

"धागा तुटतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. ती नळी बहुधा कायमची गेली. पुष्कळ नळ्या गेल्या की झाड तहानेनं मरतं."

"मग तोंडं मिटून घ्यावीत झाडानं!"

"मिटतं. पण मग जेवण बंद. साठवलेल्या साखरेवर दिवस काढायचे. श्वसन (साखर जाळून जगायला लागणारी शक्ती मिळवणं) काही थांबत नाही आणि त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जमिनीतले जंतू पालापाचोळा कुजवतात, तेही सोडतात. आत काही येत नाही, बाहेर मात्र जातंच."

जमनानं शेंड्यांकडे पाहिलं. भर दुपारी रान श्वास का सोडत होतं, ते तिला कळलं. मनोरा बिघडलेला नव्हता. तिच्या चहूबाजूंनी हिरवीगार दिसणारी झाडं तोंड मिटून मरायला टेकली होती.

"आता पट्टीवाला ऐक," ती म्हणाली. नऊ नंबरचा ऐन चारच पावलांवर होता. खारू चढला, कान लावला, ऐकत राहिला.

"शून्य."

दहा नंबर, शून्य. अकरा नंबर, मिनिटाला एक. बाकी सगळ्या रानात टिकटिक आणि पट्टीवाली तेवढी गप्प! पोलादाची पट्टी झाडाची तहान भागवते की काय? जमना नऊ नंबरपाशी परतली आणि गुडघे टेकून बुंध्याजवळचा पाला उपसू लागली. पाल्याखालची माती ओली होती. थोडं खणलं तर बोट मडक्याच्या काठाला लागलं. गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं, वर झाकण; झाकण काढून पाहिलं, तर तळाला भोक आणि भोकात चिंधीची वात. वातीतून पाणी थेंबथेंब मुळांना जात होतं.

चिंधी पिवळी होती, तिच्यावर निळी फुलं होती. दुसरीत असताना जमनाचा तसाच फ्रॉक होता. तो तिला लहान झाल्यावर आबाजींनी मागून घेतला होता आणि ती समजली होती, आठवण म्हणून घेतला.

तिथेच बसून ती रडली. खारूला रडण्याबद्दल काही माहीत नव्हतं, तो आपला झाडावर बसून राहिला.

संध्याकाळी अंगणात तिनं मडक्यातून काढून आणलेली पिवळी चिंधी आबाजींच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, चाचपली आणि ओळखली.

"पाह्यलं तू?"

"काहून केलं, आबाजी?"

म्हाताऱ्यानं चिंधी मांडीवर पसरली. मग म्हणाला, "पयल्या साली तीन मेले. पट्टीवाले चोवीस होते ना. मी सोमवारी जावं, आकडा वाचावा अन् तो मरताना पाहावा. आपल्या बडादेवाचं झाड हाय ते, पोरी. नुसतं पाहत राहू? नदीवरून कावडीनं पानी आनलं. झाडाला दोन मडकी, आठ दिवसांतून एकदा भरतो."

"पण आकडे खोटे झाले ना!"

"मले वाटलं, चांगलंच होईल." त्यांचा आवाज खाली गेला. "पल्याडचं रान आठवते? तुले कुठून आठवन, तू नव्हतीच तेव्हा. तिथल्या कागदावर लिवलं, रान मेलं. अन् दुसऱ्या महिन्यात करवती आल्या. मेलेलं बी गेलं अन् जितं बी गेलं. म्हनून म्हनलं, आपल्या कागदावर रान जितं दिसू दे."

जमनानं त्यांना शुक्रवारचं सांगितलं. आता नियम उलटा झालाय, रान मजेत दिसलं तर मदत नाही. ऐकताना आबाजींचा चेहरा उतरला. ज्या रानासाठी त्यांनी तीन वर्षं खांद्याची सालं काढली, त्याच्याच गळ्याला त्यांच्या मडक्यांनी फास लावला होता.

ती म्हणाली, "मी नाही सांगत कुणाला." म्हणाली खरी, पण म्हणताना तिलाच ते पटलं नाही.

"तू नको सांगू," आबाजी उठत म्हणाले. "मी सांगतो."

बुधवारी सकाळी ते केंद्रात गेले, उभ्याउभ्याच सगळं बोलले. मॅडमनी ऐकून घेतलं आणि मग त्या भडकल्या. जमनानं त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"तीन वर्षं, आबाजी! डॉक्टर रक्ताचा एक थेंब तपासून सबंध माणसाचा ताप सांगतात. तो थेंबच दुसऱ्याचा निघाला तर? ही एकवीस झाडं म्हणजे अख्ख्या रानाचा थेंब होती. आणि ऐन खोडात पाणी साठवतो, हे तुम्हाला मी सांगायला हवं? तुमच्या पट्ट्यांवर वाढलं ते लाकूडसुद्धा नव्हतं. पाणी पिऊन फुगलेली खोडं होती ती!"

आबाजी मान खाली घालून उभे होते. तीस वर्षांत त्यांना कुणी आवाज चढवून बोललं नव्हतं. जमनाला वाटलं, जमीन दुभंगावी. मग एकदम तिला चार पावलांवरचा तो दुसरा ऐन आठवला.

"मॅडम, नऊ नंबरच्या शेजारचा ऐन मिनिटाला अठरा वेळा टिकटिकतो. माती तीच, ऊन तेच. फरक फक्त आबाजींच्या पाण्याचा. मग रानाला झालंय काय, हे त्यावरूनच नाही का कळणार?"

मॅडम बोलता बोलता थांबल्या. खुर्चीत बसल्या.

"मंडळ विचारणारच, हा रोग आहे, कीड आहे की तहान आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "शेजारी शेजारी दोन झाडं. एकाला पाणी, एकाला नाही. याला तुलना-प्रयोग (एकच गोष्ट बदलून बाकी सगळं सारखं ठेवणं) म्हणतात. नकळत केलात, आबाजी, आणि आम्हाला न सांगता केलात. मडक्यात पाणी किती मावतं?"

"दहा लिटर. मोजून भरतो."

दोन दिवस खारूला उसंत नव्हती. एकवीस पट्टीवाले आणि त्यांच्या शेजारचे एकवीस बिनपट्टीवाले. आबाजी बोट दाखवायचे, खारू कान लावायचा, जमना लिहायची. शेजारच्या एकविसांतले आठ उभ्याउभ्याच मेलेले होते. शेंड्याची पानं तेवढी अजून गळायची राहिली होती. शुक्रवारी दुपारी मॅडमनी मनोऱ्याचा आकडा पाठवला, खाली बेचाळीस झाडांची यादी जोडली आणि मडक्यांची हकीकतही जशीच्या तशी लिहिली. आबाजींचं नाव घालायचं का, असं त्यांनी विचारलं. "घाला," आबाजी म्हणाले.

कोसमटोला निवडला गेला, पण अर्धाच. चर फक्त पूर्वेच्या उतारावर खणायचे. पश्चिमेचा उतार हातचा गेला, असं मंडळानं कळवलं. पत्र मॅडमनी सगळ्यांना वाचून दाखवलं. वस्तीतल्या कुणीही त्या रात्री आनंद केला नाही.

आणखी एक गोष्ट उरली होती. एकवीस ऐनांचं काय करायचं? मॅडम म्हणाल्या, प्रयोग आता उघडपणे करायचा. दहांना पाणी चालू ठेवायचं, अकरांचं बंद. त्यातून किती पाण्यावर झाड तगतं ते नेमकं कळेल आणि उद्या दुसरी रानं वाचवता येतील.

"बंद कोनाचं?" आबाजींनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवायचं नाही, मीही नाही. आवडत्या झाडाला आपण पाणी देणार आणि पुन्हा आकडा खोटा होणार. चिठ्ठ्या टाकायच्या."

पाणी बंद करायच्या अकरा चिठ्ठ्या जमनानं काढल्या. अकरावी उघडली तेव्हा तिचे हात थांबले. नऊ नंबर. आबाजींनी रानात स्वतःच्या हातानं बांधलेली पहिली पट्टी.

आबाजी उठले. जाऊन त्यांनी स्वतःच मडकी उकरली, दुसऱ्या मडक्यातली पिवळी चिंधी झटकली, घडी करून खिशात ठेवली.

ऑक्टोबर सरता सरता पूर्वेच्या उतारावरचे चर खणून झाले. वाट चुकलेली एक सर येऊन गेली आणि ते पाणी वाहून न जाता चरांत थांबलं. तिसऱ्या दिवशी मनोऱ्याचा काटा सकाळी अकराला शून्याच्या खाली उतरला आणि बारापर्यंत खालीच राहिला. म्हणजे तासभर रान जेवलं होतं. मॅडमनी ती वेळ फळ्यावर लिहिली आणि पुसायची नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली.

सोमवारी आबाजी आणि जमना नेहमीसारखे निघाले. नऊ नंबर मनोऱ्याच्या पश्चिमेला, सोडून दिलेल्या उतारावर होता. खारू आधीच वर चढून बसला होता.

"मिनिटाला सात," तो म्हणाला.

आबाजींनी पट्टीवरून अंगठा फिरवला, डोळे बारीक केले, पुन्हा पाहिलं. पट्टीची स्प्रिंग आखडली होती.

"चार मिलिमीटर कमी," ते म्हणाले.

जमनाच्या मनात आलं, दोन लिहिलं तर? कुणाला कळणार आहे? पेन्सिल क्षणभर कागदावर अडली. मग तिनं चार लिहिले.

आबाजींनी खोडावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"बरोबर लिवलं ना?"

"बरोबर लिहिलं, आबाजी."

"चल मंग," ते म्हणाले, आणि दोघं दहा नंबरकडे वळले.