पलंगापलीकडची स्त्री

अमेरिकेत नेपरव्हिलला जानेवारीच्या दुपारी ऊन असते, पण त्यात ऊब नसते. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात खिडकीशी बसून ज्ञानदा मांडीवरच्या लॅपटॉपवर तेराव्या शतकातला फ्रान्स चालवीत होती. ती संख्याशास्त्रज्ञ होती; विद्यापीठाच्या इतिहास विभागासाठी तिने एक संगणकीय प्रतिकृती रचली होती. प्रश्न साधा होता. राजा नववा लुई १२४४ च्या डिसेंबरातच मेला असता, तर पुढे काय घडले असते?

प्रत्यक्षात तो थोडक्यात वाचला. निपचित पडलेला राजा गेला असे समजून शुश्रूषेतली एक स्त्री त्याच्या तोंडावर चादर ओढू लागली. पलंगापलीकडच्या दुसरीने तिला अडवले, अजून प्राण आहे म्हणाली. राजा पुढे पंचवीस वर्षे जगला. ज्ञानदाने त्या खोलीत पाच माणसे मांडली होती. त्यांतली पाचवी, ती अडवणारी, तिने आज सकाळी वगळली.

समोर तिचे वडील त्र्यंबकराव अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. शुद्ध नव्हती. यंत्र काढण्याच्या संमतीपत्रावर चारपर्यंत सही हवी होती. त्यानंतर फार तर पंधरा मिनिटे, असे डॉक्टरांचे मत होते.

"ताई, अजून दोन दिवस वेट करू या ना," हर्नडनहून आलेला धाकटा भाऊ देवदत्त म्हणाला.

"चान्स दोन टक्केसुद्धा नाही, देवा. आणि मशीनवर ठेवू नका, हे बाबांनीच लिहून दिलंय."

"तुझा फ्रेंच राजा मरत नाही म्हणून सकाळपासून डीबग करत बसलीयेस. बाबांसाठी मात्र लगेच पेन काढलंस!"

राजा खरोखरच मरत नव्हता. हजार फेऱ्यांत हजार वेळा तो बरा झाला होता. नोंदीत दर वेळी एकच ओळ: चादर अडवली, व्यक्ती क्रमांक ५. यादीत आता क्रमांक ५ नव्हताच. जुनी माहिती कुठेतरी शिल्लक असेल, असे धरून तिने सगळे पुसून नव्याने लिहिले. मग उरलेली माणसेही खोलीतून काढली. राजा एकटा उरला. मृत्यूची शक्यता तिने शंभर टक्के ठेवली.

चादर अडवली, व्यक्ती क्रमांक ५.

"चूक माझीच असणार," ती म्हणाली. लॅपटॉप मिटून तिने सही केली.

चार वाजता नळी काढली.

पंधरा मिनिटे गेली. मग चाळीस. श्वास चालूच होता. नर्सने दोनदा येऊन आकडे पाहिले.

सव्वापाचला त्र्यंबकरावांनी डोळे उघडले.

"बाबा?"

त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. पलंगापलीकडे पाहिले. तिथे फक्त भिंत होती.

"ज्ञानू," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "यांना बसायला दे गं. केव्हाच्या उभ्या आहेत."

भ्रम. अशा रुग्णांत सर्रास आढळतो, अशी तिने मनाशी नोंद केली.

देवदत्तने आपली खुर्ची उचलली, पलंगाला वळसा घालून भिंतीपाशी ठेवली. परत येताना, मोकळ्या फरशीवर, तो अंग चोरून एक पाऊल बाजूला झाला.

"एक्स्क्यूज मी," तो पुटपुटला.